मेढ्यात कोळंबी: गोड-तिखट ताटाचा खरा हिशेब

कोळंबीचा किलोचा भाव विचारला म्हणजे ताटाचा खर्च कळला, असे होत नाही. त्या किलोत डोके असते, साल असते, कधी बर्फ असतो, कधी नुसते पाणी असते. ताटात येते ती फक्त सोललेली, निव्वळ कोळंबी. म्हणून चारशे रुपयांची कोळंबी सातशेच्या कोळंबीपेक्षा महाग पडू शकते, आणि ते बाजारात उभे असतानाच कळायला हवे.

किनाऱ्यावरच्या घरात हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. जावळी तालुक्यातल्या मेढ्यासारख्या गावात, वेण्णेच्या खोऱ्यात, कोळंबी रोजची नाही. महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी हौसेने आणायची, मुलांना गोड-तिखट करून घालायची. अशा वेळी पैसे वाया जाऊ नयेत आणि चवही फसू नये, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

आकड्यांबद्दल एक गोष्ट आधी सांगतो. कोळंबीचा भाव रोज बदलतो, सकाळचा संध्याकाळी राहत नाही. खाली धरलेले भाव हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत. तुमच्या बाजारातला त्या दिवशीचा भाव घालून तोच हिशेब पुन्हा करा.

कोळंबी मेढ्यापर्यंत येते कशी

नकाशावर मेढ्यापासून समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच आहे. मध्ये सह्याद्री उभा आहे, म्हणून माल घाट चढून येतो. हर्णै, मिरकरवाडा अशा कोकणातल्या बंदरांवरची मासळी बर्फात भरून घाटावरच्या शहरांकडे निघते. पूर्वी याच डोंगररांगेतल्या घाटवाटांनी कोकणातले मीठ आणि सुकी मासळी वर येत असे. ताजी मासळी त्या काळी इथवर टिकलीच नसती. घाटावरच्या स्वयंपाकात सुकट, जवळा, बोंबील आणि सोडे मुरले ते त्यामुळेच.

आज मेढ्यात राहणाऱ्यासमोर चार प्रकारचा माल असतो. पहिला, डोके-सालीसकट अख्खी कोळंबी. दुसरा, डोके काढलेली पण सालीसकट कोळंबी. तिसरा, गोठवलेली सोललेली कोळंबी, सुटी किंवा पाकिटातली. चौथा, सुके सोडे आणि जवळा. ताज्या मालाची निवड करायची तर बहुधा साताऱ्याला जावे लागते, म्हणजे एका बाजूने जवळपास २५ किलोमीटर. सुका माल मात्र आठवडे बाजारातही मिळतो.

ताजी म्हणून मिळणारी सगळीच कोळंबी समुद्रातली नसते. २००९ पासून भारतात व्हेनामी या जातीच्या कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली आणि तिचे उत्पादन झपाट्याने वाढले. आंध्र प्रदेश त्यात सर्वांत पुढे आहे. तळ्यातली ही कोळंबी आकाराने सारखी असते आणि समुद्रातली मासेमारी बंद असतानाही मिळते. गोड-तिखट रसासाठी ती चांगली चालते. मात्र समुद्राची कोळंबी म्हणून जास्त भाव सांगितला जात असेल, तर कुठली आहे हे स्पष्ट विचारावे.

चौघांसाठी किती आणायची

माणशी १०० ग्रॅम निव्वळ कोळंबी धरली, तर भात किंवा भाकरीबरोबर पोटभर होते. चौघांना ४०० ग्रॅम लागते. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर आहे.

आकार मध्यम घ्यावा, म्हणजे किलोत ५० ते ६० नग. विक्रेते याला काउंट म्हणतात: किलोत जितके नग, तितका काउंट. काउंट जितका कमी, तितकी कोळंबी मोठी आणि भाव चढा. मोठी कोळंबी तव्यावर नुसती भाजून खायला उत्तम. दाट गोड-तिखट रसात मात्र मध्यम कोळंबीला मसाला सगळीकडून लागतो आणि प्रत्येकाच्या वाटणीला दहा-बारा नग येतात. लहान मुले असलेल्या घरात हे वाटप फार उपयोगी पडते. अगदी बारीक करंदी स्वस्त असते, पण सोलण्यात वेळ जातो आणि शिजताना ती आणखी लहान होते.

भाव वाचण्याची रीत: दुप्पट आणि सव्वापट

डोके-सालीसकट कोळंबी साफ केली की साधारण निम्मे वजन उरते. डोके काढलेली पण सालीसकट असेल, तर ८० टक्क्यांच्या आसपास. गोठवलेल्या सुट्या कोळंबीवर बर्फाचा थर असतो. तो २० टक्के असेल, तर तिथेही हाती ८० टक्केच येते. यावरून बाजारात तोंडी करता येईल असा नियम निघतो:

अख्ख्या कोळंबीचा भाव दुप्पट करा.
डोके काढलेलीचा भाव सव्वापट करा.
बर्फासकट तोललेल्या सोललेल्या कोळंबीचा भावही सव्वापट करा.
पाकिटावर बर्फ वगळून निव्वळ वजन लिहिले असेल, तर भाव तसाच धरा.

आता उदाहरणे पाहू.

अख्खी कोळंबी ४५० रुपये किलो. निव्वळ किलो पडते ९०० रुपयांना. ४०० ग्रॅमसाठी ८०० ग्रॅम घ्यावी लागेल. खर्च ३६० रुपये.

डोके काढलेली ६५० रुपये किलो. निव्वळ किलो सुमारे ८१० रुपये. ४०० ग्रॅमसाठी ५०० ग्रॅम घ्यावी लागेल. खर्च ३२५ रुपये.

सुटी गोठवलेली, सोललेली ७०० रुपये किलो, बर्फ २० टक्के. निव्वळ किलो ८७५ रुपये. ५०० ग्रॅम घ्यावी लागेल. खर्च ३५० रुपये.

पाकिटातली गोठवलेली, २५० ग्रॅम निव्वळ वजन, २५० रुपये. निव्वळ किलो १,००० रुपये. ४०० ग्रॅमचा खर्च ४०० रुपये. पाकिटे दोन घ्यावी लागतील. उरलेली १०० ग्रॅम न वितळवता तशीच फ्रीजरमध्ये ठेवता येते.

ऐकताना ४५० रुपये सर्वांत स्वस्त वाटले, पण या उदाहरणात डोके काढलेली कोळंबी ३५ रुपयांनी स्वस्त पडली. डोके काढलेलीचा भाव अख्खीच्या १.६ पटीपेक्षा कमी असेल, तोवर तीच परवडते. अख्खी ४५० ला असेल, तर ही सीमा ७२० रुपये. त्याच्या वर भाव गेला की अख्खी घ्या. अख्खीचा आणखी एक फायदा आहे, तो साली-डोक्यांच्या रस्स्याचा. त्याबद्दल पुढे येईल.

मसाल्याचा खर्च: सगळा मिळून दहावा हिस्सा

४०० ग्रॅम निव्वळ कोळंबीसाठी घरात लागणाऱ्या वस्तू आणि त्यांचा अंदाजे खर्च असा:

गूळ ३० ग्रॅम: २ रुपये
कांदा-लसूण मसाला २० ग्रॅम: १० रुपये
कांदा १५० ग्रॅम: ५ रुपये
लसूण २० ग्रॅम: ४ रुपये
आले १० ग्रॅम: १ रुपया
चिंच १५ ग्रॅम: ३ रुपये
शेंगदाणा तेल ४० मिलिलिटर: ७ रुपये
हळद, मीठ, कोथिंबीर: ५ रुपये
गॅस: ५ रुपये

एकूण ४२ रुपये. गॅसचा आकडा असा काढला: सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर किलोला साधारण ६३ रुपये पडतात. पंचवीस मिनिटांच्या स्वयंपाकाला ८० ग्रॅमच्या आसपास गॅस धरला आहे.

अख्खी कोळंबी ३६० आणि बाकी सगळे ४२, म्हणजे ४०२ रुपयांतले जवळपास ९० टक्के एकट्या कोळंबीचे. म्हणून तेलात, मसाल्यात किंवा गुळात काटकसर करून हाती काही लागत नाही. नुकसान दोनच ठिकाणी होते: खरेदीत वजनाचा हिशेब चुकला तर, आणि कढईत कोळंबी जास्त शिजली तर. जास्त शिजलेली कोळंबी पाणी सोडते, आक्रसते आणि चिवट होते. ३६० रुपयांची वस्तू दोन मिनिटांत बिघडते.

ताटाचा एकूण खर्च

भातासाठी ३०० ग्रॅम तांदूळ आणि त्याचा गॅस मिळून २५ रुपये धरू. अख्ख्या कोळंबीचे ताट चौघांसाठी ४२७ रुपयांना, म्हणजे माणशी १०७ रुपयांना पडते. डोके काढलेली घेतली तर ३९२, माणशी ९८. सुटी गोठवलेली घेतली तर ४१७, माणशी १०४. पाकिटातली घेतली तर ४६७, माणशी ११७.

यात साताऱ्याची फेरी धरलेली नाही. दुचाकीने फक्त कोळंबीसाठी जाऊन आलात, तर जाऊन-येऊन ५० किलोमीटर होतात. गाडी लिटरला ५० किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर आणखी १०५ रुपये वाढतात. १०७ चे ताट १३३ रुपयांवर जाते. दुसऱ्या कामासाठी जाणे असेल त्याच दिवशी कोळंबी आणण्यात जेवढी बचत आहे, तेवढी विक्रेत्याशी घासाघीस करून होत नाही.

हॉटेलशी तुलना करायची तर प्लेटचा भाव विचारण्याआधी प्लेटीत किती नग आणि केवढे, हे विचारा. समजा, प्लेट ३०० रुपयांची आहे. चार प्लेट १,२०० आणि त्यावर ५ टक्के जीएसटीचे ६० रुपये, एकूण १,२६०. भात-भाकरी वेगळी. घरचे ताट त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात होते, आणि कोळंबी किती घातली हे तुम्हाला माहीत असते.

गोडवा कशाचा आणावा

कोळंबीच्या मांसात ग्लायसिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते आणि त्याची चव मुळातच गोडसर असते. त्यामुळे कोळंबीला गोडाची जोड परकी वाटत नाही. पारशी घरांत कोळंबीचा पातियो होतो, त्यात गूळ, आंबट आणि तिखट एकत्र येतात. गोव्यातल्या बाळचावात मिरची आणि व्हिनेगर यांच्या जोडीला थोडी साखर असते. दोन्हीकडे रीत एकच आहे: गोड आणि तिखट यांच्यामध्ये आंबट हवेच. आंबट नसेल, तर गोड-तिखट रस दोन घासांनंतर जड वाटू लागतो.

आपल्याकडे या तिन्ही चवी घरातच आहेत. उन्हाळ्यात वर्षाचा करून ठेवलेला कांदा-लसूण मसाला तिखटाचे काम करतो. त्यात सुके खोबरे, तीळ आणि खडा मसाला आधीच असल्याने रस दाटही होतो. आंबटाला चिंच किंवा आमसूल. गोडासाठी तीन पर्याय आहेत.

गूळ सर्वांत स्वस्त आणि या मसाल्याला सर्वांत जवळचा. ३० ग्रॅमचे २ रुपये. त्याचा खमंगपणा भाजलेल्या कांद्यात मिसळून जातो. रंग गडद असलेला, चाखून खारट न लागणारा गूळ घ्या.

मध महाग पडतो. किलो ६०० रुपये धरला, तर २० ग्रॅमचे १२ रुपये. मध साखरेपेक्षा गोड लागतो, म्हणून कमी पुरतो. केळघर घाट चढून गेले की महाबळेश्वर; तिथल्या परिसरातला मध प्रसिद्ध आहे, आणि त्याच तालुक्यातल्या मांघरला २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून ओळख मिळाली. तिथला जांभळाचा मध थोडा कडसर असतो आणि तिखटाबरोबर चांगला लागतो. मध उकळत्या रसात घालू नये, त्याचा सुवास जातो. गॅस बंद केल्यावर घालावा.

बाटलीतला गोड-तिखट सॉस सोयीचा आहे, पण बाटली घेण्याआधी घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. यादीत साखर आणि पाणी आधी आणि मिरची पुष्कळ मागे असेल, तर तुम्ही मुख्यतः साखरेच्या पाण्याचे पैसे देत आहात. ३०० ग्रॅमची बाटली १५० रुपयांना धरली आणि चौघांसाठी ८० ग्रॅम लागला, तर ४० रुपये झाले. तेवढ्यात वरचा सगळा घरचा मसाला तेला-गॅससकट होतो.

कृती

साफ करणे. डोके आणि साल काढा. पाठीवर सुरीने हलकी चीर देऊन काळा दोरा ओढून काढा. अख्ख्या ८०० ग्रॅमला अर्धा तास लागू शकतो. साली आणि डोकी टाकू नका. साफ केलेली कोळंबी एकदा थंड पाण्यातून काढा, पाण्यात भिजत ठेवू नका. स्वच्छ फडक्याने टिपून कोरडी करा. ओली कोळंबी कढईत भाजली जात नाही, पाण्यात उकडते.

मुरवणे. अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद लावून दहा मिनिटे ठेवा. मीठ बेताने, कारण कांदा-लसूण मसाल्यातही मीठ असते. लिंबू लावून फार वेळ ठेवू नका, आंबटाने मांस घट्ट होते.

भाजणे. लोखंडी कढई किंवा पसरट तवा मोठ्या आचेवर चांगला तापवा. निम्मे तेल घालून कोळंबी एका थरात पसरा. गर्दी होत असेल, तर दोन वेळा करा. एक बाजू एक मिनिट, दुसरी बाजू अर्धे ते एक मिनिट. लगेच ताटलीत काढा. आता ती थोडी कच्ची असली तरी चालेल. कोळंबीचा लाल रंग हा अॅस्टाझँथिन या रंगद्रव्याचा. कच्च्या कोळंबीत ते प्रथिनाशी बांधलेले असते, उष्णतेने मोकळे होते. त्यामुळे रंग फार लवकर बदलतो. केवळ तो पाहून कोळंबी शिजली असे समजू नका. सर्वांत जाड भाग आतून पांढरा, अपारदर्शक झाला की ती शिजली.

रस करणे. त्याच कढईत उरलेले तेल घालून बारीक चिरलेला कांदा मध्यम आचेवर सोनेरी होईपर्यंत परता, साधारण सात मिनिटे. ठेचलेले आले-लसूण घालून एक मिनिट परता. आच मंद करा. कांदा-लसूण मसाला दोन चमचे पाण्यात कालवून घाला; कोरडा टाकला तर पटकन करपतो आणि करपलेल्या मसाल्याची कडू चव गुळाने जात नाही. अर्धे मिनिट परतून चिंचेचा कोळ, गूळ आणि अर्धी वाटी पाणी घाला. तीन-चार मिनिटे उकळून रस अंगाबरोबर होऊ द्या.

चव घेणे. कोळंबी घालण्याआधी इथेच चव जुळवा. तिखट जास्त वाटले, तर चिमूटभर गूळ आणि थोडा कोळ दोन्ही वाढवा. नुसता गूळ वाढवला की रस गुळमट होतो. गोड जास्त झाले, तर आंबट आणि मीठ पाहा.

शेवट. भाजलेली कोळंबी ताटलीत सुटलेल्या पाण्यासह रसात घाला. एक मिनिट हलवा, गॅस बंद करा, कोथिंबीर घाला. कढईच्या उष्णतेवर ती पुढे शिजत राहते, म्हणून दोन मिनिटांत वाढायला घ्या. कोळंबी अर्धी वळलेली असेल तर नेमकी शिजली आहे. घट्ट वेटोळे झाले असेल, तर पुढच्या वेळी भाजण्याचा वेळ कमी करा.

मुलांसाठी मसाला निम्मा करा आणि उरलेल्या निम्म्याऐवजी अर्धा चमचा बेडगी मिरचीची पूड घाला. रंग राहतो, तिखटपणा उतरतो.

साली आणि डोक्यांचा रस्सा

८०० ग्रॅम कोळंबीतून ४०० ग्रॅमच्या आसपास साली आणि डोकी निघतात. त्यांचे पैसे तुम्ही मोजलेले आहेत. कोळंबी ताजी असेल, तर एक चमचा तेलात साली-डोकी खमंग परता, तीन वाट्या पाणी घालून पंधरा मिनिटे उकळा आणि गाळून घ्या. या पाण्यात भात शिजवला किंवा खोबरे-आमसुलाचे सार केले, तर आणखी पाच-सात रुपयांत दुसरा पदार्थ होतो. ज्या डोक्यांवर काळे डाग पडले आहेत किंवा ज्यांना वास येतो, ती मात्र या कामी घेऊ नका.

हात आखडता असेल तेव्हा: सोडे आणि जवळा

सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. किलोचा भाव ऐकून माणूस मागे सरतो, पण त्यात साल नाही, डोके नाही आणि पाणीही नाही. किलो २,००० रुपये धरले, तर चौघांच्या कालवणाला पुरणाऱ्या १०० ग्रॅमचे २०० रुपये होतात. सोडे दोन-तीन पाण्यांनी धुऊन कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. बटाट्याच्या किंवा वांग्याच्या फोडी घालून वरचाच रस करा; फोडी शिजायला पाणी आणि वेळ जास्त द्या. भाजीचे १० रुपये आणि मसाल्याचे ४२ मिळवले, तर २५२ रुपये, माणशी ६३. सोडे खारट असतील, म्हणून मीठ शेवटी चव पाहून घाला.

जवळा याहून स्वस्त. किलो ४०० धरला, तर १०० ग्रॅमचे ४० रुपये. निवडून कोरडाच मंद आचेवर भाजा, चाळून घ्या, एकदा पटकन धुऊन निथळवा. भरपूर कांद्यावर परतून मसाला, चिंचेचा कोळ आणि किसलेला गूळ घाला. ४२ रुपये मसाल्याचे धरले, तर चौघांना माणशी साडेवीस रुपयांत भाकरीबरोबर उत्तम तोंडीलावणे होते. सुका माल घेताना तो हाताला दमट लागता कामा नये आणि त्यावर बुरशीची झाक नसावी. पावसाळ्यासाठी मे महिन्यातच कडक उन्हे देऊन घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.

कोणत्या महिन्यात काय घ्यावे

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला असतो. याच दिवसांत आखाड येतो, मटण-मासळीला मागणी वाढते. आवक कमी आणि गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे समुद्राच्या कोळंबीसाठी जास्त पैसे मोजण्याचे हे दिवस. तेव्हा तळ्यातली व्हेनामी, गोठवलेली कोळंबी किंवा सोडे घ्यावेत.

ऑगस्टमध्ये मासेमारी पुन्हा सुरू होते, पण बहुतेक घरांत श्रावण पाळला जातो. ज्यांच्याकडे पाळत नाहीत, त्यांनी या दिवसांत भाव जरूर विचारावा. गणपती झाल्यावर ते हिवाळा संपेपर्यंत ताजी कोळंबी आणण्याचा काळ चांगला. हवा थंड असल्याने साताऱ्याहून मेढ्यापर्यंतचा प्रवासही तिला मानवतो. मार्च ते मे या काळात आणायची असेल, तर बर्फाशिवाय आणू नका.

खरेदी करताना

डोके अंगाला घट्ट चिकटलेले असावे. लोंबत असेल, तर माल जुना आहे. साल चकचकीत आणि अंग टणक असावे. हाताला बुळबुळीत लागली किंवा अमोनियासारखा उग्र वास आला, तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. डोक्याशी आणि सालीच्या कडांना काळे डाग दिसू लागले, तर ती काढून बराच वेळ झाला आहे.

कोळंबी बर्फावर ठेवलेली हवी. वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात पडून असलेली कोळंबी चव गमावते आणि पाणी पिऊन जड होते. तोलण्याआधी निथळायला सांगा, आणि बर्फाचे खडे काट्यावर जाऊ देऊ नका. बर्फ आपण कोळंबीच्या भावाने घेत नाही ना, एवढे पाहायचे.

सोलून द्यायचे वेगळे पैसे घेतात का, हे आधी विचारा, आणि वजन सोलण्याआधीचे की नंतरचे तेही. सोलून घेतली तरी साली मागून घ्या.

गोठवलेल्या पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, पॅक केल्याची आणि वापरण्याची मुदत, आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. बर्फाचा थर निव्वळ वजनात धरता येत नाही. शंका आली, तर घरी पाकीट उघडून कोळंबी चाळणीत घ्या, थंड पाण्याच्या धारेखाली फक्त वरचा बर्फ जाईपर्यंत धरा, निथळवा आणि लगेच तोला. वजन लिहिल्यापेक्षा बरेच कमी भरले, तर पाकीट आणि बिल जपून ठेवून दुकानदाराकडे जा. तिथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पाकिटाच्या आत बर्फाचे मोठे गठ्ठे दिसत असतील, तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता असते. तसे पाकीट घेऊ नका.

आणणे आणि ठेवणे

घट्ट झाकणाचा डबा घरूनच न्या. कोळंबी पिशवीत बंद करून तिच्या खाली-वर बर्फ ठेवा, म्हणजे वितळलेले पाणी तिला लागत नाही आणि एसटीत पिशवी गळतही नाही. बाजारातले बाकीचे काम आधी उरकून कोळंबी सर्वांत शेवटी घ्या.

घरी आल्यावर त्याच दिवशी करा. दुसऱ्या दिवशी करायची असेल, तर साफ करून फ्रीजच्या सर्वांत थंड भागात ठेवा. त्यापुढे ठेवायची तर लगेच फ्रीजरमध्ये, एका वेळी लागेल तेवढीच पिशवीत भरून. गोठवलेली कोळंबी रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवा. घाई असेल, तर बंद पिशवी अर्धा तास थंड पाण्यात बुडवा. गरम पाणी वापरू नका, आणि एकदा वितळलेली पुन्हा गोठवू नका. पावसाळ्यात वीज गेली की फ्रीजर भरवशाचा राहत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर कोळंबीचा साठा करू नका.

कोळंबी, खेकडा यांची अॅलर्जी काहींना असते आणि ती गंभीर होऊ शकते. ओठ-जीभ सुजणे, अंगावर पित्त उठणे, श्वास लागणे असे काही पूर्वी झाले असेल, तर शिजवलेली कोळंबीही खाऊ नये आणि तिच्या सालींचा रस्साही नाही. सोडे-जवळ्यालाही हेच लागू. लहान मुलांना पहिल्यांदा देताना एक-दोनच नग द्या.

कोणी काय निवडावे

सोलायला वेळ आहे आणि रस्साही करायचा आहे, त्यांनी अख्खी कोळंबी घ्यावी. वेळ कमी आणि भाव अख्खीच्या १.६ पटीच्या आत, तर डोके काढलेली. आखाडात पाहुणे येणार असतील, तर निव्वळ वजन लिहिलेले पाकीट. खर्च माणशी साठ-पासष्टच्या आसपास ठेवायचा असेल, तर सोडे. रोजच्या भाकरीला चव हवी असेल, तर जवळा.

आणि ताजीच हवी असेल, तर शेजारच्या दोन घरांना विचारून एकत्र मागवा. तीन घरांत मिळून फेरीचे १०५ रुपये वाटले गेले की प्रत्येकाला ३५ पडतात. अडीच-तीन किलो एकदम घेताना विक्रेता भावातही थोडे उतरतो. बर्फाचा डबा एकच लागतो, आणि त्या संध्याकाळी तिन्ही घरांत ताजी कोळंबी शिजते.